पैलूंचे रसायन : नॅनोस्फटिकांच्या आकाराचा इतिहास

रसायनशास्त्राच्या दीर्घ परंपरेत पदार्थाची ओळख त्याच्या घटकांवरून ठरत आली आहे. पदार्थात कोणती मूलद्रव्ये आहेत, ती कोणत्या प्रमाणात आहेत आणि त्यांचे अणू परस्परांशी कसे जोडलेले आहेत एवढे कळले की त्याचे गुणधर्म सांगता येतात, ही धारणा एकोणिसाव्या शतकात पक्की झाली आणि हातात धरता येईल अशा कोणत्याही तुकड्यापुरती ती खरीही आहे. सोन्याची लगड चौकोनी असो वा गोल, तिचा रंग, वितळणबिंदू आणि आम्लासमोरचे वर्तन बदलत नाही. तेच सोने नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या एक अब्जांश भागाच्या मापात आले की मात्र ही धारणा अपुरी पडते. तेथे कण केवढा आहे, म्हणजे त्याचे आकारमान, आणि तो कसा घडलेला आहे, म्हणजे त्याचा आकार, या दोन्ही गोष्टी घटकांइतक्याच निर्णायक ठरतात. ज्यांच्या आत अणूंची मांडणी शिस्तबद्ध असते आणि ज्यांचे माप साधारणपणे शंभर नॅनोमीटरच्या आत असते, अशा कणांना नॅनोस्फटिक म्हणतात. त्यांच्या आकारमानाचे महत्त्व विज्ञानाने तुलनेने लवकर ओळखले. आकाराचे महत्त्व प्रयोगाने सिद्ध व्हायला आणि आकार हवा तसा घडवता यायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

या कणांचा वापर मात्र त्यांच्या ज्ञानाहून कितीतरी जुना आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला लायकर्गस चषक हा चौथ्या शतकातील रोमन काचकामाचा नमुना समोरून पडणाऱ्या उजेडात हिरवट दिसतो आणि आतून प्रकाश सोडला की लाल होतो, कारण त्याच्या काचेत सोने आणि चांदी यांच्या मिश्रधातूचे सुमारे ५० ते १०० नॅनोमीटरचे कण विखुरलेले आहेत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आंद्रेआस कासियस यांच्या नावाने ओळखले जाणारे सोन्याचे जांभळे रंगद्रव्य युरोपात प्रसिद्धीस आले, आणि योहान कुंकेल यांनी पॉट्सडॅमच्या परिसरात सोन्याचा अंश घालून माणकासारखी लाल काच तयार करण्याची कृती बसवली. हे कारागीर रंग निश्चित साधत होते. पण पिवळ्या धातूपासून लाल रंग का निघतो, याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते.

हा प्रश्न प्रयोगशाळेत आणण्याचे श्रेय मायकेल फॅरडे यांना जाते. सोने आणि प्रकाश यांच्या संबंधावर त्यांनी लंडनमध्ये केलेले प्रयोग १८५७ मध्ये रॉयल सोसायटीपुढील व्याख्यानातून प्रसिद्ध झाले. सोन्याच्या क्षाराच्या पातळ द्रावणाचे त्यांनी फॉस्फरसच्या साहाय्याने क्षपण केले, म्हणजे विरघळलेल्या सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांचे पुन्हा धातूत रूपांतर केले, आणि तळाशी पिवळा साका बसण्याऐवजी त्यांना माणकाच्या रंगाचा, साध्या डोळ्यांना पूर्ण स्वच्छ दिसणारा द्रव मिळाला. त्यातून प्रकाशाचा झोत सोडल्यावर झोताचा मार्ग उजळून दिसला. म्हणजे सोने विरघळलेले नव्हते, तर अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत होते. त्याच द्रवात थोडे मीठ घातले की लाल रंग निळसर होत जाई आणि तो पुन्हा लाल करता येत नसे. धातूचे कण फार बारीक झाले की त्यांचा प्रकाशाशी असलेला संबंध बदलतो, हा फॅरडे यांचा निष्कर्ष आजही अबाधित आहे. त्यांनी तयार केलेले काही द्रव लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जतन केलेले असून त्यांचा तांबडा रंग अद्याप टिकून आहे. फॅरडे यांनी रंगभेदाचे कारण कणांच्या लहानमोठेपणात शोधले. कणांची घडण वेगवेगळी असू शकते का, हे पाहण्याचे साधन त्या काळी अस्तित्वातच नव्हते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही उणीव काही अंशी भरून निघाली. रिचर्ड झिग्मोंडी यांनी हेन्री झीडेनटोप्फ यांच्या सहकार्याने घडवलेल्या अतिसूक्ष्मदर्शकामुळे कलिलातील, म्हणजे द्रवात तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म कणांच्या मिश्रणातील, एकेक कण प्रकाशबिंदूच्या रूपात मोजता येऊ लागला, आणि या कार्यासाठी झिग्मोंडी यांना १९२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाफ मी यांनी १९०८ मध्ये विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांवरून गोल कण प्रकाश किती शोषतो आणि किती विखुरतो याचे संपूर्ण गणित मांडले. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युत क्षेत्रामुळे एकत्र मागेपुढे हेलकावतात, आणि प्रकाशाची कंपनसंख्या या हेलकाव्याच्या नैसर्गिक कंपनसंख्येशी जुळली की शोषण कमालीचे वाढते. या घटनेला आज प्लाझ्मॉन अनुस्पंदन म्हणतात. सोन्याच्या लहान गोल कणांत हे शोषण सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या प्रकाशात होते, म्हणून उरलेला प्रकाश लाल दिसतो.

गोलाच्या गणितात न बसणारी निरीक्षणेही होती, आणि त्यांच्याकडे पाहताना रिचर्ड गान्स यांनी १९१२ मध्ये एक मूलगामी पाऊल उचलले. सोन्याचे अतिसूक्ष्म कण गोलच असतात हे गृहीत सोडून त्यांनी लांबट किंवा चपट्या कणांचे गणित केले, आणि कण लांबट असेल तर त्यातील इलेक्ट्रॉनांच्या हेलकाव्यांना एक आडवी आणि एक उभी अशा दोन भिन्न कंपनसंख्या असतील, असे दाखवले. प्रकाशाच्या शोषणावरून कणाचा आकार ओळखण्याचा हा पहिला सैद्धांतिक मार्ग होता. परंतु गान्स यांच्या गणिताला ताडून पाहण्यासाठी एकसारख्या लांबट कणांचा नमुना हवा होता, आणि तो तयार करण्याची विद्या कोणालाही अवगत नसल्यामुळे हे सूत्र अनेक दशके पुस्तकातच राहिले.

आकाराच्या प्रश्नाचा दुसरा धागा स्फटिकशास्त्रात सापडतो. रशियन स्फटिकशास्त्रज्ञ युरी वुल्फ यांनी १९०१ मध्ये असा नियम मांडला की समतोलात असलेल्या स्फटिकाच्या केंद्रापासून त्याच्या प्रत्येक पैलूचे अंतर त्या पैलूच्या पृष्ठऊर्जेच्या प्रमाणात असते. पृष्ठऊर्जा म्हणजे तो पृष्ठभाग उघडा ठेवण्यासाठी स्फटिकाला मोजावी लागणारी ऊर्जेची किंमत. ती पैलूगणिक का बदलते हे अणूंच्या शेजाराकडे पाहिले की उलगडते. सोने, चांदी, प्लॅटिनम या धातूंच्या अंतर्भागात प्रत्येक अणूला १२ शेजारी असतात. स्फटिक कोणत्या दिशेने छेदला गेला हे तीन अंकांच्या निर्देशांकाने सांगण्याची पद्धत आहे. त्यानुसार या धातूंच्या (१११) पैलूवर अणू षटकोनी मांडणीत दाटीने बसलेले असतात आणि प्रत्येकाला ९ शेजारी उरतात, (१००) या पैलूवर मांडणी चौकोनी असून शेजारी ८ असतात, तर (११०) या पैलूवर ते ७ च असतात. जितके शेजारी कमी तितके अणूचे अपुरे राहिलेले बंध अधिक, आणि तितकी बाहेरून आलेल्या रेणूला धरून ठेवण्याची त्याची तयारी मोठी. धातूचा घन आकाराचा कण सर्व बाजूंनी (१००) पैलू दाखवतो, तर अष्टफलक आणि चतुष्फलक, म्हणजे आठ किंवा चार त्रिकोणी बाजूंचे कण, केवळ (१११) पैलू दाखवतात. म्हणून आकार बदलणे म्हणजे प्रत्यक्षात अणूंची वेगळी मांडणी बाहेरच्या जगासमोर आणणे होय.

मोठ्या तुकड्यात पृष्ठभागावरील अणू एकूण अणूंच्या तुलनेत नगण्य असतात. परंतु ३ नॅनोमीटरच्या कणात सुमारे निम्मे अणू पृष्ठभागावरच असतात, आणि त्यामुळे पृष्ठाचे रसायन हेच बहुतांशी त्या कणाचे रसायन बनते. पैलूंचा हा प्रभाव किती मोठा असू शकतो हे आधी मोठ्या एकल स्फटिकांवर दिसले. अमेरिकेत बर्कली येथे गाबोर सोमोर्जाय आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये लोखंडाच्या तीन निरनिराळ्या पैलूंवर नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया तयार केला, तेव्हा (१११) पैलूचा वेग (११०) पैलूच्या चारशेहून अधिक पट भरला. लोखंड तेच, वायू तेच आणि परिस्थितीही तीच होती. फरक केवळ अणूंच्या मांडणीचा होता. खतांच्या कारखान्यात वापरला जाणारा लोखंडाचा उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, हा अशा अनेक पैलूंच्या कणांचे मिश्रण असतो, आणि त्यातील प्रत्यक्ष काम त्याचे मोजकेच भाग करत असतात, हे या प्रयोगाने उघड केले.

दोन्ही धागे एकत्र येण्यासाठी कण प्रत्यक्ष दिसणे आवश्यक होते. १९३१ मध्ये बर्लिनमध्ये माक्स क्नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पाया घातला, आणि १९५१ मध्ये प्रिन्स्टनचे जॉन टुर्केविच यांनी पीटर स्टीव्हन्सन आणि जेम्स हिलियर यांच्यासह सोन्याच्या कलिलांचा या साधनाने पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. उकळत्या पाण्यातील सोन्याच्या क्षारात सोडियम सायट्रेट घालून सुमारे २० नॅनोमीटरचे बऱ्यापैकी एकसारखे गोल कण मिळवण्याची त्यांची कृती आजही जगभरच्या प्रयोगशाळांत चालते. यानंतरची चार दशके मुख्यतः आकारमानावर नियंत्रण मिळवण्यात गेली, आणि अर्धवाहक पदार्थांच्या कणांचा रंग आकारमानानुसार बदलतो या शोधाने त्या परंपरेचा कळस गाठला. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अलेक्सेई येकिमोव्ह, लुई ब्रस आणि मुंगी बावेंडी यांना त्यासाठीच मिळाले.

आकारनियंत्रणाच्या युगाचा आरंभ साधारणपणे १९९६ पासून मोजता येतो. त्या वर्षी अटलांटा येथील जॉर्जिया टेकमध्ये मुस्तफा अल-सईद यांच्या गटाने प्लॅटिनमचे कण तयार करताना पाण्यात मिसळलेल्या सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट या बहुवारिकाचे, म्हणजे लांब साखळीच्या रेणूचे, प्लॅटिनमशी असलेले प्रमाण तेवढे बदलले, आणि एका प्रमाणात मुख्यतः घनाकार तर दुसऱ्या प्रमाणात मुख्यतः चतुष्फलक कण मिळाल्याचे दाखवले. घटकद्रव्ये आणि तापमान न बदलता केवळ एका प्रमाणावरून आकार ठरवता येतो, हे यातून प्रथमच स्पष्ट झाले. यामागील तत्त्व वरवर पाहता उलटे वाटते. वाढत्या स्फटिकावर जो पैलू वेगाने वाढतो तो अखेरीस नाहीसा होतो आणि जो सावकाश वाढतो तोच उरतो, कारण वेगाने पुढे सरकणारी बाजू आक्रसत जाऊन टोकाशी किंवा कडेशी संपते. म्हणून हवा असलेला पैलू राखायचा तर त्याची वाढ रोखून धरणारा रेणू त्याच्यावर चिकटवावा लागतो.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चांदीच्या घनांचे आहे. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात यूगांग सुन आणि यूनान शिया यांनी २००२ मध्ये इथिलीन ग्लायकॉल सुमारे १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात सिल्व्हर नायट्रेट आणि पॉलिव्हायनिल पायरोलिडोन या बहुवारिकाची द्रावणे थेंबाथेंबाने सोडली. ग्लायकॉल हा येथे द्रावकही आहे आणि चांदीच्या आयनांचे क्षपण करणारा पदार्थही. बहुवारिक मात्र चांदीच्या (१००) पैलूंना अधिक पसंती देते, त्यामुळे चांदी इतर दिशांना भरत जाते आणि शेवटी सहा चौकोनी पैलूंचा घन उरतो. कणाचे भवितव्य त्याच्या बीजावरही ठरते: पहिल्या क्षणी तयार झालेले बीज एकसंध असेल तर त्याचा घन होतो, आणि पाच भागांच्या जुळणीने झालेले जोड-स्फटिकाचे बीज असेल तर त्यातून पंचकोनी छेदाची लांब तार निघते. याच गटाने पुढे दाखवले की क्लोराइड आणि हवेतील ऑक्सिजन मिळून जोड-स्फटिकांची बीजे विरघळवतात आणि एकसंध बीजे मागे ठेवतात. चांदीचे हे घन सोन्याच्या क्षारात टाकले की चांदीचे तीन अणू द्रावणात जातात आणि सोन्याचा एक अणू पृष्ठावर बसतो, आणि अशा रीतीने घनाच्या साच्यावर सोन्याच्या पोकळ पेट्या तयार होतात.

गान्स यांच्या गणिताचीही प्रचिती याच काळात मोठ्या प्रमाणावर आली. साउथ कॅरोलायना विद्यापीठात निखिल जना आणि कॅथरिन मर्फी यांनी २००१ मध्ये सोन्याची लहान बीजे वाढीच्या द्रावणात टाकून सोन्याच्या कांड्या मिळवण्याची कृती प्रसिद्ध केली आणि २००३ मध्ये अल-सईद यांच्या प्रयोगशाळेने तिच्यात सिल्व्हर नायट्रेटची भर घालून ती अधिक भरवशाची केली. या कांड्यांत आडव्या हेलकाव्यांचे शोषण ५२० नॅनोमीटरच्या आसपासच राहते, परंतु लांबीच्या दिशेचे शोषण लांबी-रुंदीच्या गुणोत्तराबरोबर सरकत अवरक्तापर्यंत, म्हणजे लाल रंगापलीकडील अदृश्य प्रकाशापर्यंत पोचते. साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातील प्रकाश शरीराच्या ऊतींतून इतर प्रकाशाच्या मानाने बराच खोल जातो. त्यामुळे अशा कांड्या चिकटवलेल्या कर्करोगाच्या पेशी लेझरच्या उष्णतेने मारता येतात, हे २००६ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर दाखवण्यात आले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मिर्किन यांच्या गटाने तर २००१ मध्ये चांदीच्या गोल कणांच्या पिवळ्या द्रवावर साध्या नळीदिव्याचा प्रकाश पाडून त्यांचे चपट्या त्रिकोणांत रूपांतर घडवले आणि द्रवाचा रंग पिवळ्यावरून हिरव्यातून निळ्यावर गेला.

या विद्येत शुद्धाशुद्धतेचा प्रश्न किती नाजूक आहे हे दोन प्रसंगांवरून दिसते. सोन्याच्या कांड्यांच्या कृतीत लागणारा साबणासारखा पदार्थ निरनिराळ्या पुरवठादारांकडून घेतल्यास काही वेळा कांड्यांऐवजी गोल कणच मिळत. टेक्सास विद्यापीठातील ब्रायन कॉर्गेल यांच्या गटाने २००९ मध्ये त्याचे कारण दाखवले, ते म्हणजे त्या पदार्थात दशलक्षात काही भाग एवढ्या अल्प प्रमाणात मिसळलेले आयोडाइड. कॅडमियम सेलेनाइड या अर्धवाहकाच्या बाबतीत याच्या उलट घडले. तेथे व्यापारी दर्जाच्या द्रावकातील फॉस्फॉनिक आम्लांची अशुद्धीच कणांच्या वाढीला वळण देत होती, आणि हे ओळखून बर्कलीतील पॉल अलिव्हिसाटोस यांच्या गटाने शुद्ध द्रावकात अशी आम्ले मोजून घातली व २००० मध्ये कांडीच्या आकाराचे नॅनोस्फटिक मिळवले. त्यांच्यातून बाहेर पडणारा प्रकाश कांडीच्या अक्षाला समांतर ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपने एकाच दिशेत होतात. गोल कणांच्या प्रकाशात हा गुण नसतो. एका ठिकाणी जी अशुद्धी आकाराचा घात करते, तशाच जातीची अल्प भेसळ दुसऱ्या ठिकाणी आकार घडवते, हा या इतिहासातील सर्वांत उद्बोधक धडा आहे.

आकाराचा रासायनिक परिणाम सर्वाधिक ठळकपणे उत्प्रेरणात दिसतो. अल-सईद आणि राधा नारायणन यांनी २००४ मध्ये दाखवले की द्रावणातील एका इलेक्ट्रॉन-देवघेवीच्या अभिक्रियेत प्लॅटिनमच्या चतुष्फलक कणांना घनाकार कणांपेक्षा बरीच कमी सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया सुरू होण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडसर, पुरते, कारण चतुष्फलकाच्या टोकांवर आणि कडांवर कमी शेजारी असलेल्या अणूंचे प्रमाण मोठे असते. आकारामुळे केवळ वेग नव्हे, तर उत्पादनही बदलते. सोमोर्जाय यांच्या गटाने २००७ मध्ये बेंझीनवर हायड्रोजनची अभिक्रिया घडवली, तेव्हा प्लॅटिनमच्या घनांवर फक्त सायक्लोहेक्झेन मिळाले, आणि दोन्ही प्रकारचे पैलू असलेल्या घन-अष्टफलक कणांवर सायक्लोहेक्झेनबरोबर सायक्लोहेक्झीनही मिळाले. त्याच वर्षी चीनमधील शियामेन विद्यापीठाच्या शी-गांग सुन यांनी झोंग लिन वांग यांच्या साहाय्याने विद्युतदाबाची आंदोलने वापरून २४ पैलूंचे प्लॅटिनम कण घडवले. त्यांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पैलूंवर फॉर्मिक आम्ल आणि इथेनॉल यांच्या ऑक्सिडीकरणाचा वेग, समान क्षेत्रफळाच्या हिशेबाने, नेहमीच्या प्लॅटिनम कणांच्या चौपटीपर्यंत गेला. २००९ मध्ये दालियान येथील संशोधकांनी कोबाल्ट ऑक्साइडच्या कांड्यांवर विषारी कार्बन मोनॉक्साइडचे उणे ७७ अंश सेल्सिअस इतक्या थंडीतही ऑक्सिडीकरण घडवले, आणि त्याचे श्रेय कांड्यांवर उघड्या पडलेल्या (११०) पैलूंना दिले.

या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये गवती चहाच्या पानांचा काढा सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळून सोन्याचे चपटे त्रिकोणी नॅनोस्फटिक मिळवले आणि हे संशोधन नेचर मटेरियल्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काढ्यातील पदार्थ सोन्याचे क्षपण करतात आणि आधी गोल कण तयार होतात. पृष्ठावर बसलेल्या अल्डिहाइड व कीटोन वर्गातील रेणूंमुळे हे कण सामान्य तापमानाला जणू द्रवासारखे वागतात, परस्परांत मिसळतात आणि त्यांतून एकसंध त्रिकोण घडतो, असा या गटाचा निष्कर्ष होता. हे त्रिकोण अवरक्त प्रकाश जोरात शोषतात. आकारनियंत्रण हे केवळ अतिशुद्ध रसायनांचे आणि उच्च तापमानाचे क्षेत्र नाही, हे या कामाने दाखवले आणि वनस्पतींच्या साहाय्याने नॅनोकण घडवण्याच्या संशोधनाला मोठी चालना दिली.

घडवलेला आकार टिकतोच असे नाही. वुल्फ यांच्या नियमाने ठरणारा समतोलाचा आकार प्रत्येक कणाला खुणावत असतो. लेझरच्या माऱ्याखाली सोन्याच्या कांड्या गोल होतात, आणि नारायणन व अल-सईद यांच्याच प्रयोगांत प्लॅटिनमच्या चतुष्फलकांची टोके अभिक्रियेदरम्यान झिजून कण गोलाकार होत गेल्याचे व त्यांची कार्यक्षमता बदलल्याचे आढळले. जी टोके सर्वांत क्रियाशील, तीच सर्वांत आधी नष्ट होतात. आकार राखणारे रेणू अभिक्रियेच्या जागाही झाकून टाकतात, आणि ते काढावेत तर आकार ढासळतो. उद्योगात हे कण मोठ्या प्रमाणावर उतरवण्याच्या वाटेत हीच मोठी अडचण आहे.

तरीही या प्रयत्नाचे मोल कमी होत नाही. प्लॅटिनम हा दुर्मीळ धातू असून जगातील त्याचा बहुतांश साठा एकट्या दक्षिण आफ्रिकेत आहे. इंधनघटांपासून वाहनांच्या धूरशुद्धीकरणापर्यंत त्याची गरज असताना, तेवढ्याच धातूकडून योग्य पैलूंच्या बळावर अधिक काम करून घेणे हा काटकसरीचा शास्त्रशुद्ध मार्ग आहे. त्यासाठी नॅनोपदार्थावरील प्रत्येक संशोधनात घटक आणि आकारमान यांच्याबरोबर कणांचा आकार, त्यांवर चिकटलेले रेणू, वापरलेल्या रसायनांतील अशुद्धी आणि वापरानंतर उरलेला आकार यांची काटेकोर नोंद झाली पाहिजे. अशा नोंदीशिवाय दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष ताडून पाहता येत नाहीत, आणि घटक एकच असले तरी भिन्न पैलूंचे कण रसायनाच्या दृष्टीने भिन्न पदार्थ मानावे लागतात.